उस्मानचं दुकान उघडलं तेव्हा

१४ नोव्हेंबर १९७७
भिसेगाव.
आज माळा काढला. मालती असती तर दिवाळीआधीच निघाला असता. आता घरात मी एकटा, मागे लागणारं कुणी नाही. उंदरांची घाण, फुटके माठ, प्रकाशचा पाळणा. आणि कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळलेली बाबांची हत्यारं! मला वाटलं होतं बाबा गेले तेव्हाच कुणीतरी नेली. लाकूड तासायचा वाकस, पटाशा, रंधा, गिरमिट. सगळ्यांवर गंज चढलेला. वाकसाचा दांडा मोडलाय, मोडका तुकडा अजून नेढ्यात, पात्याच्या भोकात, अडकून बसलेला.
बराच वेळ नुसता हातात घेऊन बसलो. बाबा सुतार, मी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. उभा जन्म इंजिनाच्या भागांना कानस मारली, पण या वाकसाला कधी हात लावला नाही. बाबाच लावू द्यायचे नाहीत. "पाय तोडून घेशील, सदू."
रिटायर झाल्यापासून सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न होता. उद्यापुरता सुटला.

१७ नोव्हेंबर
हत्यारं रॉकेलात भिजत घातलेली. आज घासली. वाकसातला तुकडा जाळून काढला असता तर लगेच निघाला असता, पण पोलादाचं पाणी उतरून धार गेली असती. ठोकून ठोकून काढला. हात भरून आले. पण आत बाबांच्या हातची पाचर निघाली, खैराची, अजून लालसर.
वाकसाच्या बगलेला घासून घासून बाबांच्या अंगठ्याचा खळगा पडलाय. माझा अंगठा त्यात बसत नाही. त्यांचा मोठा होता.

२७ नोव्हेंबर
रविवार. प्रकाश आला डोंबिवलीहून, सूनबाईंना घेऊन. ओटीवर रॉकेलचा डबा, चिंध्या, हत्यारं बघून म्हणाला,
"अण्णा, हे काय मांडलंय? बाजारात नवीन मिळतं की."
"मला कुठे वापरायचंय?"
"मग कशाला करताय?"
मी चिंधी रॉकेलात बुडवली. जेवताना पुन्हा तेच. इथं एकटे राहू नका, घर विकू, तिकडे एक खोली मोठी घेऊ. दिवाळीतही हेच झालं होतं. वाईट नाही पोरगा. आईवर गेलाय, काळजी करतो.

६ डिसेंबर
दांड्याला लाकूड हवं होतं. वरच्या ठाकरवाडीचा नवसू गवताचा भारा घेऊन चालला होता, त्याला हाक मारली. मालती त्याच्याकडून करवंदं घ्यायची.
"धामण मिळेल का रे?"
"मिळंल की. पन दादा, वली हाय. सावलीत सुकवाया लागंल. उन्हात टाकली का तडकंल."
बाबाही धामणच आणायचे. वाकते पण मोडत नाही. बाबांबरोबर माथेरानला गेलो होतो ते आठवलं. तिथल्या हातरिक्षाचा दांडा बसवायचं काम निघालं होतं. मी असेन आठ-नऊ वर्षांचा. चढताना धामणीचा वासा एका टोकाला बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्या टोकाला माझ्या. सगळं वजन त्यांनी आपल्याकडे घेतलं होतं, मला वाटत होतं मीच उचललाय. वर पोचल्यावर रिक्षावाल्यांना सांगत होते, "सदूने आणला."

१९ डिसेंबर
ओटीवर बसून वाकसाला दांडा घातला. गवत कापायला जाणाऱ्या बायका वाटेत थांबल्या. एकीच्या विळ्याची मूठ हलत होती. ती बसवून दिली. दुसरीने विळा पुढे केला. मग सगळ्यांनीच. मुठी जमल्या, धारेचं जमेना. माझ्याकडे नुसता दगड. एक म्हणाली, "उस्मानमामू व्हता तवा चाकावर बगता बगता व्हायचं."
उस्मान! शाळेत एका पाटावर बसायचो आम्ही. कर्जत बाजारात त्याचं दुकान. कुलपं, छत्र्या, स्टोव्ह, आणि बाजारच्या दिवशी धार लावायला ही रांग. मी सुट्टीत आलो की त्याच्या फळीवर बसायचं, चहा यायचा, चाकाच्या ठिणग्या बघत गप्पा. तो गेल्यापासून दुकान बंदच आहे. दोन पावसाळे झाले.
ते चाक असेल अजून?

२१ डिसेंबर
कर्जतला गेलो. दुकानामागेच उस्मानचं घर. खातूनभाभींनी दार उघडलं. केस पांढरे झालेत, बाकी तशाच. मुलगा सलीम कुवेतला असतो, नोकरीला. ह्या एकट्या.
चाकाचं विचारलं. विकत देता का म्हणून.
"इकायचं नाय, सदूभाव."
मी चहा पिऊन उठलो. दारापर्यंत आलो तर मागून म्हणाल्या,
"चालवायचं असंल तर हितं बसून चालवा. त्याचा आवाज येत नाय तर ह्या घरात मला बहिरी झाल्यासारखं वाटतं."

४ जानेवारी १९७८
दुकान उघडलं. फळ्या फुगून घट्ट बसलेल्या, एकेक ठोकून काढावी लागली. आत सगळं तो गेला त्या दिवशी होतं तसं. व्हाइसच्या जबड्यात एक कुलूप धरलेलं, अर्धवट उघडलेलं. भाभींनी ते काढलं, पदराने पुसलं, फळीवर ठेवलं.
चाकाला तेल दिलं. दांडी फिरवायला एक माणूस लागतो. पूर्वी कोण फिरवायचं? "मीच की," म्हणाल्या. "तुमी कदी आत बगितलंत का? तुमी बाहेर बसून चा प्यायचेत."
खरंच. चाकाच्या मागे कोण आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. ठिणग्याच बघायचो.

१२ जानेवारी
बाजार. पहिल्यांदा गिऱ्हाईक कमी, दुपारनंतर बातमी पसरली. कोयते, विळे, एक न्हाव्याची कात्री. खूप वर्षांनी संध्याकाळी अंग दुखतंय ते छान वाटतंय. कुणी तांदूळ दिले, कुणी वालाच्या शेंगा. भाभींनी निम्म्या माझ्या पिशवीत टाकल्या.
मी धार लावताना बोलतो म्हणून ओरडल्या. "सलीमच्या बापाला हीच खोड. बोलत बोलत बोट कापायचा."

३० जानेवारी
रिबीट मारणं हे त्यांचं काम. माझ्यापेक्षा सफाईदार. मी वर्कशॉपातला, जोर लावतो. त्या टुकटुक करत डोकं फुलवतात. एका म्हाताऱ्याचा अडकित्ता आला होता, दोन पाती सुटलेली, आईची आठवण म्हणून ठेवलेला. भाभींनी जोडून दिला. म्हातारा तिथंच बसला, सुपारी कातरली, आम्हाला दिली, आणि त्याच्या आईबद्दल बोलत राहिला. मग भाभी त्यांच्या आईबद्दल. मग मी. काम राहिलं. हरकत नाही.

१८ फेब्रुवारी
शेजारचं हार्डवेअरचं दुकान हमीदचं. हमीद म्हणजे उस्मानचा धाकटा भाऊ. नवी फावडी, कुदळी, घमेली, सगळं दांड्यासकट तयार. आमच्या दुकानाची जागा दोघा भावांच्या नावावर आहे, त्याला ती गोदामाला हवी. आज मला बाहेर बोलावलं.
"भाऊ, तुमी मोठे आहात म्हणून बोलतो. भाभी एकट्या, तुमी एकटे. लोक बोलतात."
मी म्हटलं, "काय बोलतात?"
तो खाली बघायला लागला. मला राग आला आणि लाजही वाटली. आत येऊन भाभींना सांगावं का नाही कळेना. त्यांनी ऐकलंच होतं.
"बोलू दे. बोलनाऱ्यांचे कोयते येत्यात ना धारेला? मग झालं."
आणि चाक जोरात फिरवलं. कोयता हातातून निसटता निसटता राहिला.

२६ मार्च
परवा होळी झाली. दुकान बंद. घरी मालतीची विळी काढली. पाट मधोमध चिरलेला म्हणून ती गेल्या वर्षी नवी घे, नवी घे म्हणत होती. मी आणली नाही. आणतो म्हणालो, मग तिचं आजारपण सुरू झालं.
नवा पाट फणसाच्या फळीचा केला. पातं तेच. पातं मधे झिजून आत गेलंय, जिथे ती रोज भाजी चिरायची नेमकं तिथे. धार लावताना तेवढी जागा सरळ करून टाकणार होतो. नाही केली.
वांगं चिरून बघितलं. चांगलं चिरतं. एवढ्या वर्षांत मी विळीवर बसलोच नव्हतो कधी. पायाखाली पाट धरायचा कसा हेही नीट जमेना.

१६ एप्रिल
नवसू आला. कुंभिवलीला हायवेलगत कारखान्याची शेड बांधतायत, तिथं तो मातीकामाला होता. म्हणाला, "दादा, दांडा मोडला का खड्ड्यात टाकत्यात नि नवा घेत्यात. नुसता ढीग पडलाय. फावडी हायत, कुदळी हायत. लोखंड चांगलं हाय."
भाभींनी चाक थांबवलं. "जाऊया."
"कशाला? कोण घेणार?"
"बगू तरी."

२१ एप्रिल
कुंभिवली. हमीदचा टेंपो खोपोलीला माल आणायला जाणार होता, भाभींनी त्याला सांगूनच टाकलं, वाटेत आम्हाला सोड आणि येताना ने. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पण भावजयीला नाही कसं म्हणणार. मागे मालाच्या जागी मी आणि नवसू, पुढे भाभी.
शेडच्या मागे खड्डा. मुकादम हसला. "कचराच आहे. न्या. आमचं काम वाचलं." भाभी पदर खोचून खड्ड्यात उतरल्या, मला हात धरू दिला नाही. एकेक उचलून ठोकायच्या, आवाज ऐकायच्या, तडा असेल ते बाजूला. नवसू वर घ्यायचा.
ऊन फार. येताना खालापूरजवळ रस्त्याकडेला थांबून ताडगोळे खाल्ले. भाभींनी त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. वरात बैलगाडीतून ह्याच रस्त्याने कर्जतला गेली. गाडीची खीळ वाटेत पडली, चाक निखळलं. नवरामुलगा स्वतः खाली उतरला, शेरवानीच्या बाह्या वर केल्या आणि बाभळीची खीळ तासून बसवली. "तवाच समजलं का हा मानूस काय गप बसनारा नाय."
हमीदही हसला. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. तो तेव्हा तान्हा होता म्हणे.

१५ मे
नवसूने धामणीचे बरेच दांडे आणून दिलेत, सुकलेले. रोज थोडं थोडं. नेढं साफ करायचं, दांडा तासायचा, बसवायचा, पाचर, तेल. बाबांच्या वाकसानेच तासतो. आता हात बसलाय.
दुकानात मागच्या भिंतीला दुरुस्त अवजारं उभी करून ठेवलीयत. घ्यायला कुणी येत नाही. जुनं कोण घेणार. हमीद रोज येता-जाता बघतो. आज म्हणाला, "भाभी, जत्रा भरवायची काय?" त्याचं चुकीचं नाही. जागा अडलीय.
मी भाभींना म्हटलं, उगाच आणली.
"उगाच काय? बगा किती शानी दिसत्यात उभी ऱ्हायलेली."

२८ मे
सलीमचं कुवेतहून पत्र. भाभींना मराठी वाचता येत नाही, उर्दू येतं, आणि हा लिहितो मराठीत. मलाच वाचावं लागलं. बायकोला दिवस गेलेत. आई, तू इकडे ये. इथेच राहा आता. पासपोर्टसाठी चाचाला सांगतो.
वाचून झाल्यावर पुन्हा वाचायला लावलं. "दिवस गेलेत" तिथे थांबवून, परत.
त्यांचा चेहरा असा उजळलेला मी आजवर बघितला नव्हता. आनंदाचीच गोष्ट आहे. घरी आलो, जेवण गेलं नाही. उन्हाळा फार आहे.

२६ जुलै
मध्ये लिहिणं झालं नाही. काय घडलं ते आता लिहितो.
पाऊस थांबतच नव्हता. चार दिवसांपूर्वी सकाळी मी दुकानातच होतो. वरच्या वाडीचा एक माणूस धावत आला, अंगावर नुसती लंगोटी, चिखलाने माखलेला. दरड आली. तीन-चार घरं गेली. नवसूचंही.
नवसू स्वतः शेतावर होता म्हणून वाचला. घरात त्याचा म्हातारा बाप आणि बायको सोमी.
बाजारात आरडाओरडा. माणसं निघाली खरी, पण हाताने काय उकरणार? भाभी भिंतीकडे वळल्या आणि फावडी, कुदळी एकेक करून बाहेर फेकायला लागल्या. रस्त्यावर खणखण पडत होती. मी उचलून लोकांच्या हातात द्यायला लागलो. तेवढ्यात हमीद त्याच्या दुकानातून आला, टेंपो मागे लावला. आमची भरली. मग त्याच्या दुकानातली नवी फावडी, पहारी, घमेली, तीही भरली. "भाभी, तुमी थांबा," म्हणाला. त्या आधीच पुढे बसल्या होत्या. मांडीवर हातोडा आणि पाचरींची पिशवी.
टेंपो पायथ्याला थांबला, पुढे ओढा. अवजारं डोक्यावर घेऊन चढलो. वर गेलो तर डोंगराचा एक तुकडाच खाली आलेला. लाल चिखल, त्यात उलटी झाडं. नवसू नुसत्या हातांनी उकरत होता. बोटांतून रक्त. त्याच्या हातात कुदळ दिली तर ओळखही नाही दाखवली, फक्त घेतली.
माणसं खणत होती. दगडावर आदळून दांडे मोडत होते. नव्यांतले मोडले, आमच्यातलेही काही मोडले, चिखलात ओढताना पीळ बसतो तो कुठलंच लाकूड सोसत नाही. भाभी आणि मी एका ताडपत्रीखाली बसलो. मोडलं की आणून टाकायचे. मी नेढं मोकळं करायचो, त्या पाचर ठोकायच्या. दांडे संपले. मग वाडीतल्या पडलेल्या घरांचे वासे तासले. हमीद ते आणून देत होता. वाकस ओल्याने हातातून सटकत होता. बाबा म्हणायचे तसा पाय तुटलाच असता एकदा, थोडक्यात चुकलं.
उजेड जायच्या सुमारास ओरड झाली. "हाय! हाय! बोलतीया!" सोमी होती. घराचा आडवा वासा भिंतीच्या कोपऱ्यात तिरका अडकला होता, त्याच्या खाली ती. काढली. पाय चेचलाय, पण जिवंत. तिने पहिलं काय विचारलं असेल तर सासऱ्याचं.
म्हातारा सापडला दुसऱ्या दिवशी. गेलेला. शेजारच्या घरातलीही दोन माणसं गेली.
सोमीला बाहेर काढलं तेव्हा भाभी ताडपत्रीखालून उठल्या नाहीत. हातातली पाचर ठोकतच राहिल्या. मी म्हटलं, भाभी, सापडली, बस. तेव्हा हातोडा खाली ठेवला आणि रडल्या. उस्मान गेला तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

३ ऑगस्ट
नवसू दुकानात आला. सोमी दवाखान्यात आहे, पाय राहील म्हणतात. बसला. जाताना म्हणाला, "दादा, फावडी वरच ऱ्हायली. आनून देऊ?"
"राहू दे तिथंच. घरं बांधायला लागतील."
भिंत आता मोकळी. हमीदने गोदामाचं नाव काढलं नाही. मला वाटलं होतं काढेल. उलट सकाळी चहा पाठवतो, दोन कप.

१३ ऑगस्ट
प्रकाश धावत आला होता. दरडीचं पेपरात वाचून घाबरला. या वेळी चिडून बोलला नाही, तेच अवघड गेलं. "अण्णा, तुम्हाला काही झालं असतं तर मला कोणी कळवलं असतं?" मी त्याला दुकानात नेलं. भाभींनी रोजा असूनही त्याला सरबत केलं, उस्मान त्याला लहानपणी जुन्या छत्रीच्या काड्यांचं धनुष्य करून द्यायचा ते सांगितलं. त्याला आठवत होतं! म्हणाला, "तो बाण मी आईच्या भोपळ्यात मारला होता." तिघं हसलो. गाडीत बसताना म्हणाला, "बघा, पण विचार करा."
करतो म्हटलं.

५ सप्टेंबर
यंदा ईद आणि गणपती लागूनच. काल भाभींच्या हातचा शीरखुर्मा, उद्या माझ्या घरी गणपती. मालती गेल्यावर यंदा आणायचा का नाही, मनात होतं. आणला. दुपारी प्रकाश आणि सूनबाई येतायत. मखर जुनंच, खिळे मारून उभं केलं.
सोमी घरी आली वाडीवर. काठी घेऊन चालते.

२४ सप्टेंबर
पासपोर्ट आला. हमीदनेच सगळी धावपळ केली. फोटोत भाभी अशा दिसतात की कुणीतरी रागावलंय त्यांच्यावर. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, "डोळे मिटू नका, डोळे मिटू नका, म्हनत व्हता तो. मिटले नाय तर असं झालं."
सलीमच्या बायकोचे दिवस भरत आलेत. त्याआधी पोचायला हवं. तिकीट काढतायत.
दुकानाचं कुणीच बोलत नाही. हमीद नाही, त्या नाहीत, मी नाही. एकटा चाक चालवता येत नाही. फिरवायला माणूस ठेवता येईल. येईल का? तो टुकटुक आवाज कुठून आणायचा.
उस्मान असता तर म्हणाला असता, सदू, तू तोंड उघड की रे. पण उघडून काय म्हणायचं? नातवाला बघू नका म्हणायचं?

२ ऑक्टोबर
भात पिवळं पडायला लागलंय. विळ्यांचा हंगाम. गर्दी. भाभी बोलत बोलत चाक फिरवतात, एकेकाची चौकशी, सून कशी, गाय व्याली का. जणू पुढच्या वर्षीचंही आत्ताच विचारून ठेवतायत.
दुपारी जरा मोकळं झालं तेव्हा म्हणाल्या, "सदूभाव, तितं वाळूच हाय नुसती, म्हनं. भात नाय, गवत नाय. मग लोक विळ्याचं काय करत्यात?"
"विळे नसतीलच तिथं."
"मंग मी काय करनार?"
मला वाटलं हसतायत. बघितलं तर हसत नव्हत्या.
"नातवाला खेळवायचं," मी म्हटलं.
"हां. ते तर हायच."

१२ ऑक्टोबर
विमान येत्या शनिवारी. हमीदचा टेंपो सांताक्रूझपर्यंत. आज बाजार, म्हणजे त्यांचा शेवटचा. सकाळी मी लवकर गेलो. त्यांच्या आधी फळ्या काढायच्या होत्या. गेलो तर काढलेल्याच, चाकाला तेल दिलेलं, त्या बसलेल्या.
दिवसभर काम. बोलायला फुरसत नाही, आणि बरंच झालं. दुपारी त्यांनी डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्याकडे सरकवली, रोजच्यासारखी.
संध्याकाळी आवरत होतो तेव्हा एक अनोळखी बाई आली. डोक्यावर टोपली, पळसदरीकडची म्हणाली. कमरेचा विळा काढला. पातं मुठीपासून सुटलेलं, टोक वाकलेलं. कुणी सांगितलं म्हणून ती पहिल्यांदाच आली होती.
"आता होणार नाही गं," मी म्हटलं, "भट्टीला घालावा लागेल. उशीर झाला."
तिने भाभींकडे बघितलं. "मंग न्यायला कदी येऊ?"
भाभींनी विळा हातात घेतला, उलटासुलटा केला, अंगठा फिरवून पात्याची धार बघितली.
"पुढल्या बाजारी ये," म्हणाल्या. "हितंच असंन मी."
बाई गेली. भाभींनी विळा फळीवर ठेवला आणि खाली वाकून दुकान झाडायला लागल्या.
मी दिवा लावला.